चेहरा काकूंचा, संमती पुतण्याची

२०२५च्या मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा आठवून पाहा. व्हॉट्सअॅपच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर ओळखीची मंडळी एकाएकी जपानी चित्रपटातली पात्रं होऊन अवतरली होती. ओपनएआयने २५ मार्चला चॅटजीपीटीमध्ये चित्रं बनवण्याची नवी सोय आणली आणि स्टुडिओ जिबलीच्या धाटणीत स्वतःला पाहण्याची लाट उसळली. पहिल्या आठवड्यातच १३ कोटींहून जास्त लोकांनी ७० कोटींहून जास्त चित्रं बनवून घेतल्याचं कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं. भारत ही आपली सर्वांत वेगाने वाढणारी बाजारपेठ झाल्याचंही त्याच दमात सांगून टाकलं. केंद्र सरकारच्या मायगव्ह खात्याने पंतप्रधानांची तशी चित्रं प्रसिद्ध केली, म्हणजे हौसेला राजमान्यताही मिळाली. सप्टेंबरात गुगलच्या जेमिनीची पाळी आली. ‘नॅनो बनाना’ अशा गमतीदार नावाच्या मॉडेलकडून हजारो मुलींनी शिफॉनची साडी, केसांत फूल, मागे मावळतीचा उजेड असे जुन्या हिंदी सिनेमाच्या पोस्टरसारखे फोटो करून घेतले.

दोन्ही वेळा लाटेच्या पाठोपाठ इशारेही आले. पोलीस अधिकारी, सायबर तज्ज्ञ, वृत्तवाहिन्यांचे निवेदक यांनी एकच सांगितलं की स्वतःचे फोटो असे कुठेही देऊ नका, उद्या पस्तावाल. इशारा खोटा नव्हता. पण अपलोड होणारा फोटो अपलोड करणाऱ्याचाच असतो, हे त्यात न तपासताच धरून चाललेलं होतं. प्रत्यक्षात त्या दिवसांत ग्रुपवर काय काय फिरत होतं? लग्नातलं जोडपं, आणि त्यांच्या मागे अख्खं वऱ्हाड. डोहाळजेवणात फुलांचे दागिने घातलेली वहिनी. स्नेहसंमेलनात सशाचे कान लावून नाचणारी मुलं. फोटो एका आईने काढलेला, त्यात मुलं मात्र चार घरांतली. वारलेले आजोबा.

खासगीपणाविषयीची आपली सगळी चर्चा माझा फोटो, माझी संमती, माझी जोखीम एवढ्याच रिंगणात फिरते. पण फोटो एकट्याचा क्वचितच असतो, निदान आपल्याकडे तरी. त्यामुळे एआयला फोटो देणं ही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वतीने केलेली सही ठरते, आणि ती करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नसतो. हा धोका तांत्रिक नाही, नात्यांमधला आहे. म्हणूनच तो पासवर्ड बदलून किंवा सेटिंग फिरवून टळत नाही.

पण आधी भीती नेमकी कशाची धरायची ते पाहू, कारण या विषयात भलत्याच गोष्टीला घाबरण्याची सवय आपल्याला लागली आहे.

साडीच्या लाटेत एक गोष्ट फार गाजली. एका तरुणीने पूर्ण बाह्यांच्या पोशाखातला फोटो दिला. जेमिनीने बनवलेल्या चित्रात तिच्या हातावर तीळ दिसला, आणि तसा तीळ तिच्या हातावर खरोखर होता. मूळ फोटोत तर तो झाकलेला. मग यंत्राला कसं कळलं? देशभर हाच प्रश्न फिरला. हे यंत्र बाहीच्या आत पाहत नाही. आजवर पाहिलेल्या अगणित चित्रांवरून झाकलेल्या जागी काय असू शकेल याचा अंदाज बांधतं आणि ती जागा भरतं. तीळ ही काही दुर्मीळ वस्तू नाही. लाखो चित्रं बनतात तेव्हा एखादीचा तीळ बरोबर जागेवर पडणारच. ज्यांच्या चित्रात नसलेला तीळ उगवला, त्यांनी त्याचा व्हिडिओ केला नाही. मला तरी हा योगायोग वाटतो. पण त्या तिळाने चर्चेचं नुकसान केलं. लोक जादूला घाबरले, आणि जादू सिद्ध झाली नाही म्हणून निर्धास्तही झाले. खरी जोखीम जादूत नाही. ती करारांत, साठवणुकीत आणि निष्काळजीपणात आहे, म्हणजे अगदी कंटाळवाण्या जागी.

फोटो अपलोड झाला की त्याची एक प्रत परक्याच्या सर्व्हरवर जाऊन बसते. गॅलरीतून थेट मूळ फाइल गेली, तर फोटो कधी आणि कुठे काढला याची नोंदही तिच्यासोबत जाऊ शकते. चॅटजीपीटीच्या साध्या खात्यात आपण दिलेलं सगळं मॉडेलच्या शिक्षणासाठी वापरण्याची मुभा सुरुवातीपासून चालूच असते. नको असेल तर सेटिंगमध्ये शिरून आपण ती बंद करायची. जेमिनीबाबत गुगल स्वतःच सांगतं की काही संभाषणं माणसं तपासतात, आणि अशी तपासलेली संभाषणं आपण खोडली तरी तीन वर्षांपर्यंत राहू शकतात. यात लपवाछपवी काही नाही. सगळं लिहिलेलं आहे, फक्त ते वाचणारा माणूस लाखात एखादा.

खोडणं म्हणजे काय, हेही त्या वर्षी दिसलं. न्यूयॉर्क टाइम्सने ओपनएआयवर कॉपीराइटचा खटला भरला आहे. त्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने मे २०२५मध्ये कंपनीला आदेश दिला, की वापरकर्त्यांनी खोडलेली संभाषणंही पुरावा म्हणून जपून ठेवा. एरवी जी ३० दिवसांत पुसली गेली असती ती त्यामुळे काही महिने साठत राहिली. कंपनीने या आदेशाला विरोध केला होता, म्हणजे इथे तिची नियत खोटी नव्हती. पण कंपनीची नियत साफ असूनही तिचं वचन तिच्या हातात राहिलं नाही. आपण वचनावर विसंबतो तेव्हा ते मोडण्याची ताकद आणखी कुणाकुणाकडे आहे, हा हिशेब आपण धरत नाही.

नियत साफ नसेल तर काय होतं, त्याचा नमुना ‘एव्हर’ नावाच्या अमेरिकन अॅपने घालून दिला. फोनमधले फोटो साठवून ठेवायची सोय हे त्याचं काम. लोकांनी विश्वासाने आयुष्यभराचे अल्बम तिथे ठेवले. त्या फोटोंवर कंपनीने चेहरे ओळखणारं तंत्र घडवलं आणि ते दुसऱ्या कंपन्यांना विकायला काढलं. खातं बंद केलं की फोटो पुसले जातील असं सांगितलं होतं. ते पुसले नाहीत. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने प्रकरण हाती घेतलं आणि जानेवारी २०२१मध्ये तडजोडीच्या अटी जाहीर केल्या. फोटो तर नष्ट कराच, पण त्या फोटोंवरून शिकवलेली मॉडेलंही नष्ट करा, असं त्यांत होतं. आयोगाला नेमकं कळलं होतं. बाजारात गेलेली वस्तू फोटो नव्हती, फोटोंतून शिकलेलं ज्ञान होतं. फोटो परत करता येतो. शिकलेलं परत कसं करणार?

तिसरा प्रकार नुसत्या गलथानपणाचा. जगभर जिबलीची धूम चालू होती त्याच आठवड्यात, दक्षिण कोरियातल्या ‘जेननॉमिस’ या एआय चित्रं बनवणाऱ्या सेवेचा साठा इंटरनेटवर पासवर्डाविना उघडा पडलेला असल्याचं एका सुरक्षा संशोधकाने जाहीर केलं. त्यात चित्रं आणि इतर फाइली मिळून ९३,४८५ नोंदी होत्या, आणि कित्येक चित्रांत खऱ्या वाटाव्यात अशा चेहऱ्यांना नग्न शरीरं जोडलेली. मोठ्या कंपन्यांकडे निदान कुलुपं तरी बरी असतात. आपण मात्र ‘ॲप मोफत आहे’ एवढ्या भांडवलावर कुणाच्याही दारात फोटोंचा गठ्ठा ठेवून येतो.

एक भीती मी घालणार नाही. तुमचा एखादा फोटो मॉडेलमध्ये जसाच्या तसा बसतो आणि उद्या कुणा अनोळखी माणसाच्या पडद्यावर उमटतो, असं सहसा होत नाही. २०२३मध्ये संशोधकांनी स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलमधून शिक्षणासाठी वापरलेले मूळ फोटो बाहेर काढून दाखवले खरे, पण ते शंभराच्या आसपास, आणि तेही बहुतेक पुन्हा पुन्हा साठ्यात आलेले. अशक्य नाही, पण नेहमीचंही नाही.

‘फोटो तर आधीच सगळीकडे आहेत, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, मग यात नवं काय?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि तो बिनडोक नाही. इंटरनेटवरून उचललेल्या फोटोंवरच ही मॉडेलं वाढली. अब्जावधी चित्रांच्या दुव्यांचा लायन-५बी नावाचा साठा त्यासाठी वापरला गेला. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०२४मध्ये त्यात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या लहान मुलांचे फोटो शोधून काढले. त्यांतले काही मोजक्या नातेवाइकांनी पाहावेत म्हणून ठेवलेले होते, आणि काहींसोबत मुलांची नावं आणि ठिकाणंही होती. त्याआधी २०२२मध्ये अमेरिकेतल्या एका चित्रकर्तीला स्वतःच्या उपचारांचे फोटो याच साठ्यात सापडले. ते डॉक्टरांनी काढलेले होते आणि त्यांच्या दप्तराबाहेर जाणं अपेक्षितच नव्हतं.

तरीही उचललेला फोटो आणि आपणहून दिलेला फोटो यांत अंतर आहे. उचललेला फोटो मुका असतो. तो कुणाचा, केव्हाचा, कशासाठी काढला, हे यंत्राला अंदाजाने ठरवावं लागतं. आपण देतो तो फोटो बोलका. ‘ही माझी सहा वर्षांची मुलगी, हिला नऊवारी नेसव’, ‘आईच्या तोंडावरचे केमोनंतरचे डाग घालव’, ‘या फोटोतून माझ्या आधीच्या नवऱ्याला काढून टाक’. वय, नातं, आजार, घटस्फोट, सगळं आपण स्वच्छ मराठीत लिहून जोडतो. शिवाय जे फोटो कधीच इंटरनेटवर गेले नव्हते तेही कपाटातून काढून, मोबाइलने टिपून आपण पाठवतो. कायद्याच्या दृष्टीनेही फरक पडतो. परवानगीविना उचललेल्या फोटोंवरून कंपन्यांना जगभर खटले लढावे लागत आहेत. आपणहून दिलेल्या फोटोसोबत त्यांना संमतीही मिळते. ती खर्चाविना, हसतखेळत, दिवसाला कोट्यवधींनी.

आता ती संमती कुणाची, या मूळ मुद्द्याकडे येऊ.

गावाकडे सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील तर एका भावाच्या सहीने सगळी जमीन विकता येत नाही. विकत घेणाराही आधी विचारतो, बाकीचे कुठे आहेत? घरच्या फोटोला हे कुणीच विचारत नाही. पुतण्या काकूंच्या साठीशांतीचा फोटो अॅपमध्ये टाकतो. ‘मी अटी मान्य करतो’ यावर बोट ठेवतो. त्या अटींत बहुतेक ठिकाणी असं लिहिलेलं असतं की दिलेल्या सामग्रीचे सर्व हक्क आणि आवश्यक त्या परवानग्या तुमच्याकडे आहेत, याची हमी तुम्ही देत आहात. पुतण्याने काकूंना विचारलेलं नाही, पण हमी देऊन टाकली. त्या फोटोत काकूंचा चेहरा तर आहेच. घराचा दिवाणखाना, दारावरची पाटी, शेजारणीची मुलगी, नातवाच्या गळ्यातलं शाळेचं ओळखपत्रही आहे. आपल्याकडच्या ओळखपत्रांवर नाव, इयत्ता, रक्तगट आणि वडिलांचा मोबाइल नंबर छापलेला असतो, आणि आताच्या फोनचा कॅमेरा ते वाचता येईल इतका चांगला आहे.

गंमत अशी की खासगीपणाचा कायदा मुळात जन्माला आला तोच दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून. १८८८मध्ये कोडॅकने हातात मावणारा कॅमेरा बाजारात आणला. दोनच वर्षांनी वॉरन आणि ब्रँडाइस या अमेरिकन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला, आणि त्यात झटपट फोटो आणि वर्तमानपत्रं यांच्याविषयीची तक्रार ठळक होती. मग १९०२चा रॉबर्सन खटला. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅबिगेल रॉबर्सन या तरुणीचा फोटो एका पिठाच्या कंपनीच्या जाहिरातीवर छापला गेला, एकदोन नव्हे, २५ हजार प्रती. तिला कुणी विचारलं नव्हतं. ओळखीच्या लोकांनी दुकानांत, गुत्त्यांत आपला चेहरा टांगलेला पाहिला, याने ती आजारी पडली. तिने दावा लावला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ती हरली. चार न्यायमूर्ती विरुद्ध तीन. आपल्या चेहऱ्यावर असा काही हक्क कायद्यात नाही, असं मुख्य न्यायमूर्ती आल्टन पार्कर यांनी लिहिलं. लोक इतके खवळले की पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून व्यापारासाठी कुणाचा चेहरा परवानगीविना वापरायला बंदी घातली. पुढे १९०४मध्ये पार्कर अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि छायाचित्रकार आपल्या घरच्यांचा पिच्छा पुरवतात म्हणून कुरकुरले. तेव्हा रॉबर्सनने जाहीर पत्र लिहून त्यांना त्यांच्याच निकालाची आठवण करून दिली. या बाईविषयी मला फार आदर वाटतो.

जर्मनीत निमित्त झालं बिस्मार्कचं. १८९८मध्ये तो वारला त्या रात्री दोन छायाचित्रकार चोरून खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचा फोटो काढला. त्या प्रकरणानंतर १९०७मध्ये झालेल्या कायद्याने ठरवलं की ज्याचं चित्र आहे त्याच्या संमतीशिवाय ते प्रसारित करायचं नाही, आणि मरणानंतर दहा वर्षं नातेवाइकांची संमती घ्यायची. वारलेल्या आजोबांना एआयकडून हसायला, हात हलवायला लावणाऱ्या आपल्या पिढीने हा कायदा एकदा पाहावा. कॅमेरा नवा होता तेव्हा त्या समाजांना प्रश्न नीट दिसला होता. फोटो काढणारा एक, फोटोतला दुसरा, आणि हक्क दुसऱ्याचा. सव्वाशे वर्षांनी आपण तो प्रश्न ‘वापरकर्ता’ नावाच्या एकाच माणसात कोंबून टाकला आहे.

तो पुन्हा सुटा करता येतो, हे इलिनॉय राज्याने दाखवलं. तिथे २००८पासून असा कायदा आहे की चेहऱ्याच्या ठेवणीचं माप घ्यायचं तर त्या चेहऱ्याच्या मालकाची लेखी संमती हवी. फोटो कुणी चढवला याला महत्त्व नाही. फेसबुक मित्राने टाकलेल्या फोटोत तुमचा चेहरा ओळखून नाव सुचवायचं. याच कायद्याखाली त्यांच्यावर दावा झाला आणि ६५ कोटी डॉलर मोजून तो मिटवावा लागला. २०२१च्या नोव्हेंबरात फेसबुकने ती सोय बंद केली आणि शंभर कोटींहून अधिक लोकांच्या चेहऱ्यांची मापं पुसण्याचं जाहीर केलं. एका राज्याच्या कायद्याने जगभरच्या माणसांचं काम केलं. डेन्मार्कच्या सरकारनेही २०२५मध्ये प्रत्येकाला आपल्या चेहऱ्यावर आणि आवाजावर हक्क देणारी दुरुस्ती मांडली.

आपल्याकडे काय आहे? कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी आधारविरोधात न्यायालयात गेले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला, आणि त्याचे नियम यायला २०२५चा नोव्हेंबर उजाडला. दंडाचा आकडा भारदस्त आहे, २५० कोटी रुपयांपर्यंत. पण फोटोपुरतं पाहिलं तर या कायद्यात एक मोठी भेग आहे. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे पुतण्या सुटला. त्यात गैर काही नाही; घराघरांत सरकारी निरीक्षक यावेत असं मीही म्हणणार नाही. कंपनीला कायदा लागू होईल, पण कंपनी पुतण्याच्या हमीकडे बोट दाखवणार. कायद्याने जिची माहिती तिचाच हक्क मानला आहे, म्हणून कागदावर काकूंना फोटो पुसून मागता येईल. पण आपला फोटो कुठल्या अॅपमध्ये, कुणाच्या खात्यातून, कधी गेला हे काकूंना समजणार कसं? हक्क आहे आणि तो वापरायची वाट नाही, अशी ही स्थिती. मुलांचं तर आणखी अवघड. अठराखालच्यांसाठी कायदा पालकांची संमती मागतो, आणि इथे फोटो चढवणारे पालकच असतात. राखणदारालाच हौस.

नावाजलेल्या माणसांना वाट आहे. अरिजित सिंग यांनी २०२४मध्ये, आशा भोसले आणि सुनील शेट्टी यांनी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि एआयने केलेल्या नकलांविरुद्ध त्यांना अंतरिम आदेश मिळाले. ज्यांच्या नावाला आणि चेहऱ्याला बाजारात किंमत आहे त्यांचं रक्षण झालं, हे चांगलंच. पण ज्यांच्या चेहऱ्याला बाजारभाव नाही, त्यांच्यासाठी अब्रू हीच सगळी पुंजी असते, आणि मोठ्या वकिलांची फी त्यांना परवडत नाही.

अब्रूचा हा प्रश्न बायकांच्या वाट्याला अधिक येतो. लेन्सा या अॅपने २०२२च्या अखेरीस स्वतःच्या दहावीस फोटोंवरून जादुई छबी बनवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा साधे कपड्यांतले फोटो देऊनही अर्धनग्न चित्रं परत आल्याच्या तक्रारी कित्येक स्त्रियांनी केल्या. तिथे निदान फोटो त्यांनीच दिला होता. २०२५ संपताना एक्सवर जे झालं त्यात तेवढंही नव्हतं. एखादीने आपला साधा फोटो टाकला की खाली कुणीतरी तिथल्या ग्रोक या एआयला फर्मावायचं, हिचे कपडे बदल, हिला बिकिनी घाल; आणि ते यंत्र सर्वांदेखत तसं करून द्यायचं. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियंका चतुर्वेदी यांनी माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना पत्र लिहिलं, मंत्रालयाने २ जानेवारी २०२६ रोजी एक्सला नोटीस काढली, आणि इंडोनेशिया व मलेशियाने तर ग्रोक काही काळ बंदच ठेवलं. ‘स्वतःचा फोटो देऊ नका’ हा उपदेश त्या स्त्रियांच्या काय कामाचा होता? त्यांनी एआयला काहीच दिलं नव्हतं. उलट असल्या उपदेशाचा शेवट कुठे होतो ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे: घरातल्या मुलीचा फोन काढून घेतला जातो.

म्हणून ‘फोटो टाकूच नका’ या सल्ल्याच्या मी विरोधात आहे. तो पाळला जाणार नाही, हे एक. आणि त्यात लोकांच्या आनंदाविषयी एक तुच्छता आहे, हे दुसरं. आपल्या कित्येक घरांत आजीचा एकुलता एक फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा किंवा एखाद्या लग्नाच्या गर्दीतला, पुसट. पूर्वी असा फोटो स्टुडिओत दिला की तो मोठा करून, हाताने रंगवून मिळायचा, आणि त्याचे पैसे सगळ्यांकडे नसायचे. आज एखाद्या घरकाम करणाऱ्या बाईला आपल्या आईचा तो पुसट चेहरा फुकटात स्वच्छ करून भिंतीवर लावता येतो. हा आनंद थिल्लर नाही. ज्यांचे अल्बम भरलेले आहेत त्यांनी तो थिल्लर ठरवू नये.

मागायचं ते कंपन्यांकडून आणि सरकारकडून. शिक्षणासाठी फोटो वापरण्याची मुभा मुळात बंद असावी, ज्याला द्यायची त्याने चालू करावी. चेहरे बदलण्याची साधी कामं फोनमध्येच व्हावीत. आजचे फोन बरीचशी करू शकतात, पण मग फोटो कंपनीच्या हाती येत नाहीत, आणि अडचण तिथेच आहे. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने खातेदाराचीच नव्हे, फोटोतल्या माणसाचीही तक्रार घ्यावी, ती मराठीत घ्यावी, आणि अशा फोटोचा माग काढून देण्याची जबाबदारी कंपनीवर टाकावी. या कायद्यातली कंपन्यांवरची मुख्य बंधनं नियमांच्या वेळापत्रकाप्रमाणे २०२७च्या मे महिन्यात लागू व्हायची आहेत. तोवर हे नियम आणखी नेमके करायला वेळ आहे.

घरात मात्र कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. फोटो चढवण्याआधी त्यातल्या माणसाला विचारणं, एवढंच. काकू बहुधा हो म्हणतील, कदाचित खूषही होतील. चौथीतला मुलगा नको म्हणाला तर त्याचं नको हे नको धरावं. आणि जिथे एकाच वेळी शेकडो मुलांचे फोटो निघतात, त्या शाळेला तर जाब विचारायलाच हवा. जूनमध्ये शाळा उघडतील, पालकसभा होतील. फी आणि गणवेशाचं बोलून झालं की उठून हेही विचारा: स्नेहसंमेलनाचे फोटो कोण काढतं, ते कुठे ठेवले जातात, कुठल्या अॅपमधून जातात, आणि माझ्या मुलीचा फोटो त्यात नको असेल तर मी कुणाला सांगायचं?